मुक्या साक्षीदारांचा दुभाष्या



लहानपणीं आजीनें आपलीं बोटें उजेडाकडे धरून ‘चक्रें किती, शंख किती’ असें मोजलेलें तुमच्यापैकीं पुष्कळांना आठवत असेल. चक्रें अधिक निघालीं म्हणजे मूल भाग्यवान्, असें ती कौतुकानें सांगे. भाग्याची गोष्ट राहूं द्या. परंतु याच चक्रांच्या गणनेवर एका मोठ्या शास्त्राची एक शाखा उभी राहिली, व त्यायोगें कित्येक अपराध्यांना शासन आणि कित्येक निरपराध्यांना मोकळीक मिळाली, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. त्या शास्त्राचें नांव न्यायसहायक विज्ञान. न्यायासनाला साहाय्य करणारें, म्हणून न्यायसहायक. या विज्ञानाचा उपासक काय करतो, तो तयार कसा होतो, आणि त्याच्या अंगीं मुख्य गुण कोणता लागतो, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

अपराधाच्या जागीं पाहणारें माणूस नसलें तरी साक्षीदार असतातच. फुटलेली कांच, सदऱ्यावरील डाग, चिखलांत उमटलेलें पाऊल, पेल्याच्या तळाशीं राहिलेला थेंब, हे सर्व साक्षीदारच होत. ते लांच घेत नाहींत, कोणाला भीत नाहींत. परंतु ते मुके असतात. त्यांचें म्हणणें न्यायाधीशाला समजावून देणारा कोणी दुभाष्या पाहिजे, आणि न्यायसहायक शास्त्रज्ञ हाच तो दुभाष्या. फ्रान्समधील लिआँ शहरीं एदमों लोकार या विद्वानानें १९१० सालीं न्यायमंदिराच्या माळ्यावरील दोन खोल्यांत अशा कामाची प्रयोगशाळा उघडली. दोन वस्तूंचा एकमेकींस स्पर्श झाला कीं प्रत्येकीचा कांहींतरी अंश दुसरीवर राहतो, हें या शास्त्राचें मूलतत्त्व त्याच्याच नांवानें ओळखलें जातें. आतां दुभाष्याचा धर्म कोणता? बोलणारा जेवढें बोलला तेवढेंच सांगावें. पदरचें अक्षर घालूं नये आणि त्याचें अक्षर गाळूं नये. एवढें ध्यानांत ठेवा, म्हणजे पुढील गोष्टींचें मर्म आपोआप कळेल.

पहिली गोष्ट विषाची. सोमल, म्हणजे आर्सेनिकचें पांढरें विष, अन्नांत मिसळल्यास सहसा ओळखूं येत नसे. १८३३ सालीं इंग्लंडांत आजोबांच्या कॉफींत सोमल घातल्याच्या आरोपावरून एका तरुणाचा खटला चालला. जेम्स मार्श या रसायनज्ञानें परीक्षा करून विष दाखविणारा पिवळा सांका मिळविला. परंतु पंचांसमोर तो ठेवीपर्यंत बिघडून गेला आणि आरोपी सुटला. मार्शनें नशिबाला दोष दिला नाहीं. आपल्या पद्धतीला दिला. पुढें खटपट करून १८३६ सालीं त्यानें नवी परीक्षा प्रसिद्ध केली. संशयित पदार्थावर जस्त व आम्ल यांची क्रिया करून निघणारा वायु तापविला, म्हणजे सोमलांतील आर्सेनिक थंड कांचेवर काळसर, चकचकीत थर होऊन बसतें. मिलिग्रॅमच्या पन्नासाव्या हिश्श्याइतकें विषहि यानें पकडतां येऊं लागलें. पण येथें एक गोम आहे. वापरलेल्या जस्तांतच आर्सेनिकचा अंश असला तर? मग निर्दोष माणूस फांसावर चढावयाचा! म्हणून प्रथम संशयित पदार्थ न घालतां तीच परीक्षा करून पाहावयाची, आणि कांच स्वच्छ राहिली तरच पुढें जावयाचें. ही ‘कोरी परीक्षा’ आजहि प्रत्येक नवशिक्या रसायनज्ञाला शिकविली जाते. दुसऱ्याची परीक्षा घेण्यापूर्वीं स्वतःच्या साहित्याची घ्यावी, हा तिचा अर्थ.

दुसरी गोष्ट आपल्याच देशांतील, व ती चक्रांची आहे. १८५८ सालीं बंगाल्यांत विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यानें एका कंत्राटदाराकडून करारपत्रावर हाताचा ठसा घेतला. पुढें त्यानें अनेक वर्षें ठसे जमवून असें पाहिलें कीं माणूस वयानें वाढला तरी बोटांवरील रेषांची रचना पालटत नाहीं. परंतु हजारों ठशांतून हवा तो शोधावयाचा कसा, हा प्रश्न उरलाच. तो कलकत्त्यास पोलिसखात्याचे प्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या हाताखालीं काझी अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोघां हिंदी अधिकाऱ्यांच्या परिश्रमानें सुटला. त्यांची युक्ति तुम्हां गणिताच्या विद्यार्थ्यांना सहज कळेल. बोटें दहा, प्रत्येकावर चक्र आहे किंवा नाहीं, या दोनच शक्यता. दोन ही संख्या दहा वेळां घेऊन गुणाकार केला कीं १०२४ येतात. तितके कप्पे करून प्रत्येक मनुष्याचा कागद त्याच्या कप्प्यांत ठेवला, म्हणजे हजारोंऐवजीं थोडेच कागद चाळावे लागतात. या पद्धतीचें कार्यालय १८९७ सालीं कलकत्त्यास निघालें. जगांतील अशा प्रकारचें तें पहिलें. लंडनच्या पोलिसांनीं ही पद्धति १९०१ सालीं उचलली.

त्याच १८९७ सालीं जलपायगुडी जिल्ह्यांत एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला व त्याची पेटी फोडून पैसे नेण्यांत आले. पेटींत एक बंगाली दिनदर्शिका होती. तिच्या वेष्टनावर दोन पुसट तपकिरी डाग दिसले. एका डागांत आंगठ्याच्या रेषा होत्या. कलकत्त्याच्या कार्यालयांत शोध केला असतां त्या रेषा मयताच्या एका जुन्या नोकराच्या आंगठ्याशीं जुळल्या. त्याला पूर्वीं चोरीबद्दल शिक्षा झालेली होती. डाग रक्ताचा असल्याचें रासायनिक परीक्षकानेंहि सांगितलें. आतां तुम्हांला वाटेल कीं खून शाबीत झाला. परंतु १८९८ सालीं न्यायालयानें त्याला चोरीबद्दल तेवढी शिक्षा दिली. खुनाच्या आरोपांतून सोडलें. कारण त्या आंगठ्यानें पेटींतील वस्तूला हात लावला एवढेंच ठसा सांगत होता. सुरी कोणी चालविली हें सांगत नव्हता. हा निकाल मला या शास्त्राच्या इतिहासांत फार मोलाचा वाटतो. साक्षीदार जेथें थांबला, तेथें न्यायालयहि थांबलें.

तिसरी गोष्ट अलीकडची. इंग्लंडांतील लेस्टर येथें अ‍ॅलेक जेफ्रीज यांनीं १९८४ सालीं पेशींतील डी.एन.ए. या द्रव्यावरून माणूस ओळखण्याची रीत शोधून काढली. एकसारखीं जुळीं भावंडें सोडलीं तर दोन माणसांचें हें द्रव्य हुबेहूब सारखें नसतें. त्याच भागांत १९८३ व १९८६ सालीं दोन मुलींचे खून झाले होते. सतरा वर्षांच्या एका मुलानें दुसऱ्या खुनाची कबुलीहि दिली होती. पोलिसांनीं जेफ्रीज यांचें साहाय्य मागितलें, तेव्हां दोन्ही खून एकाच मनुष्यानें केले असून तो मनुष्य हा मुलगा नव्हे, असें निष्पन्न झालें. मुलगा सुटला, खरा अपराधी पुढें सांपडून १९८८ सालीं शिक्षा पावला. या नव्या विद्येनें खुनी पकडण्यापूर्वीं एक निरपराधी सोडविला, हें लक्षांत असूं द्या. आपल्या देशांत हैदराबाद येथील पेशीय व रेणवीय जीवशास्त्राच्या केंद्रांत डॉ. लालजी सिंग यांनीं १९८८ च्या सुमारास अशी पद्धति सिद्ध केली.

असें असलें तरी दुभाष्यानें पदरचें बोलण्याचा मोह धरला कीं अनर्थ होतो. २००४ सालीं माद्रिद येथें आगगाड्यांत बाँबस्फोट झाले. तेथें सांपडलेल्या एका पिशवीवरील अपुरा ठसा अमेरिकेंतील एका वकिलाचाच, असें त्या देशाच्या तज्ज्ञांनीं निःशंकपणें सांगितलें. स्पेनच्या पोलिसांना तें पटत नव्हतें. वकील दोन आठवडे अटकेंत राहिला. ठसा निराळ्याच मनुष्याचा ठरला, आणि क्षमा मागण्याची पाळी आली. एकदां मनानें निर्णय घेतला कीं डोळे त्याला अनुकूल तेवढेंच पाहूं लागतात. म्हणून चांगल्या प्रयोगशाळेंत एकाचें काम दुसरा स्वतंत्रपणें तपासतो.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. मुंबईस सरकारी रासायनिक परीक्षेचें काम १८७० पासून चालत आलें आहे. आज मुंबईंत कालिना येथें राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेचें मुख्य ठाणें असून नागपूर, पुणें, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती इत्यादि ठिकाणीं तिच्या शाखा आहेत. डॉ. रुक्मिणी कृष्णमूर्ति यांनीं या प्रयोगशाळांचें संचालकपद भूषविलें. यावरून हें क्षेत्र मुलींनाहि मोकळें आहे हें उघड होय.

तेथील नित्याचें काम कादंबरींतल्याप्रमाणें थरारक नसतें. मुद्देमाल लाखेची मोहोर लावून येतो. प्रथम मोहोर नमुन्याशीं ताडून पाहावयाची. ती तुटलेली असली तर पुढील परीक्षेचें मोल राहत नाहीं. विषबाधेनें मेल्याचा संशय असलेल्या माणसाचे अवयव मिठाच्या संपृक्त द्रावणांत बरण्यांतून येतात. त्यांत शेतीवर फवारण्याचें औषध आहे कीं काय हें शोधावें लागतें. मोटार चालविणाऱ्याच्या रक्तांत मद्यार्क किती, हेंहि पाहावें लागतें. शंभर मिलिलिटर रक्तांत तीस मिलिग्रॅमपेक्षां अधिक मद्यार्क हा अपराध. तेव्हां आंकडा अठ्ठावीस कीं बत्तीस यावर एखाद्याची अब्रू व उपजीविका अवलंबून असते. कोणी बंदुकीच्या गोळ्यांवरील ओरखडे जुळवितो, कोणी खोट्या सह्या तपासतो, कोणी संगणकांतून पुसलेला मजकूर परत मिळवितो. शेवटीं अहवाल लिहावयाचा. त्यांत ‘आढळलें नाहीं’ असें लिहितात. ‘नव्हतेंच’ असें लिहीत नाहींत. या दोहोंतील अंतर ज्याला कळलें, त्याला हा व्यवसाय कळला.

या व्यवसायाची वाट अशी. शाळेंत गणित व विज्ञान यांचा पाया पक्का करावा. पुढें रसायन, पदार्थविज्ञान, जीवशास्त्र अथवा न्यायसहायक विज्ञान घेऊन बी. एस्सी. व्हावें आणि नंतर एम्. एस्सी. करावें. मुंबई, छत्रपती संभाजीनगर व नागपूर येथें यासाठीं सरकारी संस्था आहेत. गांधीनगर येथील विद्यापीठ २०२० सालीं राष्ट्रीय झालें. त्याचा एक विभाग गोव्यांतहि आहे. शवचिकित्सा करणारा मात्र वैद्य असावा लागतो, त्यानें एम्. बी. बी. एस्. होऊन न्यायवैद्यक शास्त्रांत एम्. डी. व्हावयाचें असतें. पदवी घेऊनहि शिक्षण संपत नाहीं. नवा मनुष्य जाणत्यांच्या हाताखालीं काम करतो, नोंदी ठेवावयास शिकतो, आणि शेवटीं न्यायालयांत उभा राहावयास शिकतो. तेथें वकील उलटतपासणींत त्याला खिजवितात. त्यावेळीं ‘मला माहीत नाहीं’ हे शब्द न लाजतां उच्चारण्याचें धैर्य लागतें. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नव्या फौजदारी कायद्यानें सात वर्षें किंवा अधिक शिक्षेच्या अपराधांत घटनास्थळीं तज्ज्ञानें जावें असें ठरविलें असून तें राज्याराज्यांतून टप्प्याटप्प्यानें लागू व्हावयाचें आहे. तेव्हां अशा माणसांची गरज पुढें वाढणार.

पालकवर्गास एक विनंति. आपल्या पाल्याला या मार्गाची ओढ असेल, तर त्याची बुद्धि किती तीव्र आहे एवढेंच पाहूं नका. चुकी झाली असतां ती तो आपण होऊन सांगतो कीं नाहीं, हें पाहा. किळसवाणें, कंटाळवाणें व कीर्ति न देणारें काम रोज सारख्याच काळजीनें करण्याची संवय त्याला लागेल, तरच या मार्गानें जाण्यांत अर्थ आहे.

आणि मित्रहो, तुम्हांला हा एक सोपा पाठ. सुटींत आपल्या दहा बोटांचे ठसे शाईनें कागदावर उठवा व भिंगानें चक्रें मोजा. भावंडांचे ठसे घेऊन ताडून पाहा. मग वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढून एका बाजूस ‘मीं काय पाहिलें’ व दुसऱ्या बाजूस ‘मला काय वाटलें’ असें लिहा. दुसऱ्या बाजूचें एकहि वाक्य पहिल्या बाजूस जाऊं न देणें किती कठीण आहे, याचा अनुभव घ्या. आरोपीच्या पिंजऱ्यांत उभ्या असलेल्या कोणा अनोळखी माणसाचें प्राक्तन कधींकाळीं तुमच्या हातच्या अशाच एका पानावर अवलंबून असेल. त्या दिवशीं ही संवय तुमच्या उपयोगीं पडेल, आणि त्याच्याहि.