दोष गिअरसेटमध्ये नव्हताच

चार गिअरच्या जुन्या बुलेटचं इंजिन बांधून घेतलं आणि गिअर नीट पडेनासे झाले, की फिटर पहिलं बोट गिअरसेटकडे दाखवतो. माझ्या फिटरनंही तेच केलं. "दात गेलेत, सगळा सेट बदला." अहो, इंजिन खोलण्याआधी याच सेटवर चारही गिअर अलगद पडत होते! आमची ३५०, वडिलांच्या वेळची. गिअर उजव्या पायात, पहिला वर आणि बाकीचे तीन खाली. काम निघालं होतं कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचं.

गाडी बांधून आल्यापासून दुसऱ्यातून तिसरा टाकला की मध्येच न्यूट्रल लागायचं आणि इंजिन नुसतं भडकायचं. घाटात मागे ट्रक असताना असं झालं म्हणजे काय होतं, ते ज्याला झालंय त्यालाच कळेल. तक्रार घेऊन गेलो की उत्तर ठरलेलं, "साहेब, जुनी गाडी आहे, असं होणारच." मग तुमच्याकडे येण्याआधी का होत नव्हतं, या प्रश्नाला उत्तर आलं नाही, आवाज तेवढा चढला.

शेवटी गिअरबॉक्सचं बाहेरचं झाकण मीच उघडलं. आत रॅचेटची हालचाल अडवणारी एक छोटी पट्टी असते. ती दोन बोल्टांवर बसते आणि तिची भोकं लांबट असल्यामुळे सरकते. गिअरचा दांडा वर किती जाणार आणि खाली किती, हे तीच ठरवते. ती पट्टी पार एका टोकाला नेऊन आवळलेली होती. शेजारी जुन्या वॉशरचा गोल ठसा अर्धा उघडा पडला होता. इतकी वर्षं पट्टी कुठं होती हे त्या ठशावरून कुणालाही कळलं असतं. मी तिथंच उकिडवा बसून त्याच्याकडे बघत राहिलो. किकच्या शाफ्टमधून तेल झिरपतं म्हणून हे झाकण इंजिनच्या कामातच उघडलं होतं, बिलात तसं लिहिलेलं आहे. फोटो पाठवला तर फिटर म्हणाला, "ते आधीपासूनच तसं होतं."

तुमच्यावर ही वेळ आली तर आधी इंजिन बंद ठेवून गाडी मेन स्टँडवर घ्या. मागचं चाक हातानं हलवत चारही गिअर वर-खाली टाकून पाहा. चाक हलवणं गरजेचं आहे, नाहीतर डॉग, म्हणजे गिअरच्या बाजूचे एकमेकांत अडकणारे दात, समोरासमोर अडतात आणि चांगला गिअरही पडत नाही. इथंच अडलं तर पट्टी किंवा सिलेक्टर बघा. पट्टी केसभरच सरकवायची, आवळायची, पुन्हा चारही गिअर तपासायचे. बंद इंजिनवर सगळं सुरळीत आणि चालू इंजिनवर मात्र गिअर खाडकन पडतो, न्यूट्रल सापडत नाही, असं असेल तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. माझ्या गाडीत हेही निघालं. क्लचच्या लोखंडी प्लेटा काचेवर ठेवल्या तर दोन चक्क डुलत होत्या. क्लच दाबून किक मारताना प्रेशर प्लेट वाकडी फिरते का, तेही बघून घ्या.

गिअर न पडणं वेगळं आणि पडलेला गिअर जोर दिल्यावर उडणं वेगळं. उडत असेल तर डॉग झिजल्याचा संशय रास्त आहे, मग खुशाल सेटचा विचार करा. तेल चांगलं वापरा, घाई करू नका, काढलेले भाग परत मागा. काहीही सैल करण्याआधी मार्करनं खूण करा आणि फोटो काढा. दुसऱ्याच्या हातात गाडी देणार असाल तर तो फोटो आधीच काढून ठेवा, म्हणजे "आधीपासूनच तसं होतं" ऐकावं लागणार नाही.

कुणी सेट बदला म्हणालं तर झाकण उघडून पट्टी पाहिलीत का, हे विचारा. मी तक्रार घेऊन गेल्यावर आमच्या फिटरनं त्या झाकणाला हातही लावला नव्हता. नाना पेठेतला गिअरसेटचा भाव मात्र फोनवर विचारून ठेवला होता.