दुधी आधी चाखा

दुधीचा रस रोज पिणारी माणसं आता घरोघरी आहेत. त्यांच्यासाठी, आणि परसात हौसेनं वेल चढवणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहिते आहे.

आमच्या भावजींना रसाची सवय होती. ऐन वैशाखात खतखड्ड्याशी आपसूक उगवलेल्या वेलाला दुधी धरले. दिसायला कोवळे, पोपटी, अंगावर छान लव. भावजींनी एक तोडून कारल्याबरोबर मिक्सरमध्ये घातला. रस जहर कडू लागला, पण कारलं आहे तर कडू लागणारच, असं म्हणून त्यांनी पेला रिकामा केला. थोड्याच वेळात पोटात मुरडा आला, उलट्या-जुलाब सुरू झाले, आणि मग उलटीत रक्त. दवाखान्यात पोचेपर्यंत रक्तदाब पार उतरला होता. ते वाचले, कारण आम्ही लिंबूपाणी देत घरी बसलो नाही. या विषावर उतारा नाही. सलाइन लावून रक्तदाब सावरणं, एवढंच डॉक्टरांच्या हातात असतं.

2010 साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधी-कारल्याच्या रसानं मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ समितीनं सांगितलं ते साधं आहे: रस काढण्याआधी तुकडा चाखा, कडू असेल तर फेका, दुसऱ्या रसात मिसळू नका. हे शेवटचं फार महत्त्वाचं. कारल्याच्या कडूपणात दुधीचा कडूपणा लपतो, आणि जिभेनं दिलेला इशारा वाया जातो.

हा कडूपणा कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्याचा. काकडी, दोडका, दुधी, झुकिनी या साऱ्या कुळात ते मुळात असतं; पिढ्यान्‌पिढ्या गोड फळांचं बी धरत माणसानं ते कमी करत आणलं. रानवेलाचा पराग लागला तर त्या बियांतून पुढच्या वर्षी कडू फळं येऊ शकतात. म्हणूनच आपसूक उगवलेल्या वेलाचा भरवसा धरू नये. कडक ऊन आणि पाण्याचा ताण यांनीही कडूपणा वाढतो. उकळून, मीठ लावून तो जात नाही. काकडीचं टोक कापून चोळतात, त्यावरही विसंबू नका. देठाकडची चकती कापून कणभर जिभेवर ठेवायची, कडू लागली की थुंकायची आणि अख्खं फळ फेकायचं. एकाच वेलाचं प्रत्येक फळ असंच चाखावं. कडूपणा दिसत नाही, त्याला वासही नसतो.

तोडणीची घाई मात्र जरूर करा. फळ धरल्यापासून साधारण पंधरवड्यात, लव असताना, नख सहज रुततं तेव्हाच दुधी काढावा. सकाळी, सुरीनं, बोटभर देठ ठेवून. ओढलात तर वेल दुखावतो. एक जरी फळ जून होऊ दिलं तरी वेल सगळा जोर त्याच्या बियांत घालतो आणि नवी फळं धरणं मंदावतं.

ठेवताना धुऊ नये. गार सावलीत दोन-तीन दिवस उत्तम राहतो. फ्रिजमध्ये ठेवायचाच तर कागदात गुंडाळून भाजीच्या खालच्या कप्प्यात. फार थंडीत सालीवर पाणचट खळगे पडतात. चिरलेला लगेच काळा पडतो, म्हणून हलव्याचा कीस थेट तापल्या तुपात जावा. त्याचं पाणी पिळून टाकू नका, त्यातच तो शिजू द्या. दूध आणि साखर मागाहून. रोजच्या भाजीला माझी पसंती भिजवलेल्या चणाडाळीला आणि शेवटी ओल्या खोबऱ्याला. साल कोवळी असेल तर तीळ, सुकं खोबरं आणि हिरवी मिरची घालून खरपूस परतावी, दोडक्याच्या शिरांची चटणी करतो तशी.

घरचं बी धरायचं असेल तर कष्ट घ्यावे लागतील. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं. म्हणून दुपारीच एक मादी कळी आणि एक नर कळी, दोन्ही पातळ कापडी पिशव्यांत बांधाव्यात. तिन्हीसांजेला नरफुलाचा पराग हातानं मादीफुलाला लावून पिशवी पुन्हा बांधावी. फळ धरलं की पिशवी सोडा आणि देठाला रंगीत दोरा बांधा, म्हणजे घरातलं कुणी ते भाजीसाठी तोडणार नाही.