मांसातले हार्मोन आणि आपली मुलंबाळं

हार्मोन म्हणजे शरीराची वाढ, पाळी, गर्भ यांचा कारभार चालवणारी रसायने. थोडी मात्राही मोठा परिणाम करते.

अमेरिकेत १९५४ पासून गुरांचे वजन झपाट्याने वाढावे म्हणून चाऱ्यात 'डीईएस' हे कृत्रिम हार्मोन मिसळत. हेच औषध गर्भ टिकावा म्हणून गरोदर बायांनाही देत. १९७१ साली उघड झाले, की त्यांच्या काही मुलींना तरुणपणीच योनिमार्गाचा दुर्मीळ कर्करोग झाला. तरी गुरांसाठी त्यावर बंदी यायला १९७९ उजाडले. १९८० मध्ये इटलीत वासराच्या मांसापासून केलेल्या बाळांच्या खाण्यात ते सापडले. १९८९ पासून युरोपने हार्मोन दिलेल्या गुरांचे मांस आयात करणे थांबवले.

अमेरिकेत आजही इतर हार्मोनच्या गोळ्या गुरांच्या कानाच्या कातडीखाली बसवतात. ठरलेल्या मर्यादेत धोका नाही, असे तिथले सरकार म्हणते. लहान मुलांचा विचार करून युरोपला ते पटत नाही.

बंधू-भगिनींनो, मांस नीट शिजवले की जंतू मरतात, पण हार्मोनचा अंश शिजवून जाईलच असे नाही. म्हणून तपासणी गोठ्यात आणि कत्तलखान्यातच व्हायला हवी. शिक्षण-नोकरीसाठी अमेरिकेत गेलेल्या आपल्या मुलांना सांगा : गोमांस घेताना 'हार्मोन दिलेले नाही' असे पाकिटावर लिहिले आहे का, ते आधी वाचा.