शाळेची वाट आणि उभ्या गाड्या

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा आहे. शाळा दहा मिनिटांवर, तरी त्याला एकटं पाठवायला जीव धजावत नाही. ‘नीट बघून रस्ता ओलांड’ एवढं शिकवणं पुरेसं आहे का? – एक आई, पुणे

उत्तर : पुरेसं नाही, आणि तुमची भीती रास्त आहे. स्वीडनच्या संशोधक स्टिना सँडेल्स यांनी १९६०च्या दशकातच दाखवून दिलं, की लहान मुलांना वाहनाचा वेग आणि अंतर यांचा मेळ घालणं जमत नाही. वय वाढतं तसं ते येतं. म्हणून मुलाआधी वस्ती तपासा. कडेला गाड्या उभ्या असतील, तर सव्वा मीटर उंचीचं मूल त्यांच्यामागे झाकलं जातं. चालकाला ते दिसतं ते थेट रस्त्यात आल्यावरच! ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडी साधारण १३ मीटरांत थांबते, ५० वेगाची मात्र २८ मीटरांत. गल्लीबोळांत हा फरक जीवावरचा ठरतो.

पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी जागा असावी, असं भारतीय रस्ते काँग्रेसचं मानक सांगतं. तिथे टपरी, विजेची डीपी किंवा दुचाकी असली की मुलं रस्त्यावर उतरणारच. दाटीच्या वस्तीत अंगण नसतं, मग रस्ताच खेळायची जागा होतो. यात आईबापांचा दोष काढणं मला अन्यायाचं वाटतं.

एकदा मुलासोबत ती वाट चाला, त्याच्या उंचीवर वाकून पाहा. अडथळ्यांचे फोटो काढा आणि चार पालक मिळून क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज द्या. पुणे महापालिकेचं २०१६चं पादचारी धोरण आहे, अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा. तोवर मुलाचा हात धरूनच रस्ता ओलांडा.