जेवलीस का?

बोरिवली (पश्चिम)
रविवार, रात्री

चि. लेकीस,

तुझं नवं नाव या कागदावर लिहीत नाही. कागद कुणाच्याही हाती लागतो, आणि ते नाव अजून तुझ्या आईच्या कानावरही गेलेलं नाही. म्हणून नुसतं लेक.

परवा फोनवर मी सवयीने ‘जेवलास का’ विचारलं आणि तू नेहमीसारखं ‘जेवण झालं, बाई’ म्हणालीस. फोन ठेवल्यावर डोक्यात प्रकाश पडला. गेलं दीड वर्ष तू असंच बोलते आहेस. ‘निघालो’ कधी नाही, ‘निघायचंय’. ‘दमलो’ नाही, ‘दमायला झालंय’. चाळीस वर्षं मुलांचे उच्चार तपासणारी मी, आणि मला वाटत होतं पोराची भाषा सरकारी होत चालली आहे! इंग्रजीत माणूस स्वतःबद्दल तासभर बोलून लपून राहू शकतो. मराठीत दुसऱ्या शब्दाला क्रियापद पकडतं. प्रत्येक वाक्य वाकवून बोलायचं आणि वर दिवसाचे बारा तास मालिकेत लोकांचा लाडका धाकटा दीर व्हायचं, कसं निभावलंस गं?

बारा वर्षांची असताना बालनाट्यात तू राजकन्येचं काम मागितलं होतंस. ‘आपल्याकडे मुली पुष्कळ आहेत’ असं म्हणून मी तुझ्या हातात भाला दिला. ते मला आठवतंय. तुलाही आठवत असणार.

‘बाई, पोस्ट टाकून मोकळं व्हायचं का?’ असं विचारलंस. टाक, पण सगळ्यात शेवटी. मुलुंडला आईला ते शेजारच्या काकूंच्या मोबाइलवरून कळता कामा नये. ताईला तर दिवाळीच्या आत सांग. भाऊबीजेला ती पाट मांडून, ताट घेऊन उभी राहील तेव्हा तिच्यापुढे हा प्रश्न आयत्या वेळी येऊ देऊ नकोस. आई रडेल, चिडेल, कदाचित महिनाभर बोलणार नाही. तू मात्र रोज फोन करत राहा. आणि एकटीने जाऊ नकोस, मी येते. कालिदास नाट्यगृहातल्या प्रयोगाच्या निमित्ताने आले होते, असं सांगता येईल.

त्यानंतर निर्माते नाही, चॅनेलही नाही. आधी मेकअपदादा आणि ड्रेसदादा. हसू नकोस. रोज सकाळी तुझ्या चेहऱ्याला हात लावणारी, तुझ्या शर्टाच्या बटणापाशी उभी राहणारी माणसं ती. त्यांना अर्धंअधिक आधीच समजलेलं असतं आणि सेटवरची हवा तीच ठरवतात. ती दोघं तुझ्या बाजूने असली की मेकअप रूममधली कुजबुज निम्मी होते.

मग करार काढून वाच. परवानगीशिवाय लूक बदलायचा नाही, अशी अट त्यात बहुतेक असेलच. वकिलाला दाखव आणि निर्मात्यांशी जे बोलशील ते त्याच दिवशी लेखी पाठव. बीडच्या पोलीस दलातल्या ललित साळवे यांची गोष्ट तू पेपरात वाचली असशील. डॉक्टरी तपासण्यांमुळे त्यांचं प्रकरण तुझ्याहून वेगळं आहे, पण कागदांचं शहाणपण त्यांच्याकडून घे. महिला शिपाई म्हणून भरती झालेल्या या माणसाने २०१७मध्ये शस्त्रक्रियेसाठी रजेचा साधा अर्ज केला. भरती महिलांच्या जागेवर झाली म्हणून नकार आला. हायकोर्टापर्यंत जावं लागलं, २०१८मध्ये परवानगी मिळाली, मे महिन्यात सेंट जॉर्जेसमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि ते त्याच खात्यात पुरुष शिपाई म्हणून परत रुजू झाले. त्या सगळ्याच्या मुळाशी एक अर्ज होता. कामाच्या ठिकाणी भेदभाव करायला ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या २०१९च्या कायद्याने मनाई केली आहे, पण तोंडी झालेला भेदभाव दाखवणार कुठून? ओळख प्रमाणपत्र उपनगरवाल्यांना वांद्र्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळतं. तिथले आजचे नियम वकिलालाच विचार, ते बदलत असतात.

आणि पैसे. तुमच्याकडे मानधन ९० दिवसांनी हातात येतं. काम उद्या थांबलं तरी सहा महिने घरभाडं निघेल एवढी रक्कम बाजूला पडल्याशिवाय तोंड उघडू नकोस. हे भित्रेपणाचं वाटत असेल तर वाटू दे.

तुझी भूमिका बदलेल का, हे मला सांगता येणार नाही. एलियट पेज या नटाने २०२० साली चालू मालिकेच्या मधेच आपण ट्रान्स असल्याचं जाहीर केलं आणि २०२२च्या तिसऱ्या सीझनमध्ये लेखकांनी त्याचं पात्रच व्हिक्टर नावाचा पुरुष करून टाकलं. आपल्याकडे मेलेला नवरा परत येतो, अपघातानंतर नायिकेचा चेहरा बदलतो, पण दिराची नणंद करताना लेखकांचा हात थरथरेल. तरी विचार. विचारायला पैसे पडत नाहीत.

लोक तुला बालगंधर्वांचा दाखला देतील. आपली परंपरा किती उदार, वगैरे. त्याला भुलू नकोस. त्यांच्या भामिनीवर महाराष्ट्र लुब्ध होता हे खरं, बायका त्यांच्यासारख्या साड्या नेसायच्या हेही खरं. पण पडदा पडल्यावर ते नारायणराव होतात, याची खात्री प्रत्येक प्रेक्षकाला होती. तुझ्या बाबतीत पडदा पडल्यावर जे दिसेल तेच खरं, आणि अवघड जाणार आहे ते तिथे.

त्यापेक्षा इथून दोन स्टेशनांवर बघ. मालाडच्या मालवणीत काम करणाऱ्या ट्रान्स कार्यकर्त्या गौरी सावंत यांची २०१७ची व्हिक्सची जाहिरात पुन्हा काढून बघ. आधी बसमधून बोर्डिंगला निघालेली मुलगी आपल्या आईबद्दल बोलते. तिने आपल्याला कसं वाढवलं, ते सांगते. प्रेक्षक त्या आईच्या मायेत पुरता गुंतल्यावर कॅमेरा आईचा चेहरा दाखवतो. तुला दोन वर्षं घराघरांत ओळखतात, म्हणजे अर्धं काम आधीच झालंय. तेव्हा पोस्ट चार ओळींची असू दे: नाव, मी कोण, कामावर आहे, नमस्कार. औषधं, शस्त्रक्रिया, लहानपणचे फोटो यातलं काही देऊ नकोस. विचारणारे ‘लोकांना जाणून घ्यायचंय’ म्हणतील. घेऊ देत जाणून शेजाऱ्याच्या मूळव्याधीबद्दल! गौरीताईंच्या आयुष्यावर २०२३मध्ये ‘ताली’ ही वेबमालिका आली तेव्हा त्यांची भूमिका सुश्मिता सेनने केली. मुलाखतीला तुलाही सगळे बोलावतील. काम कोण देतं, ते मोजत जा.

आता आवाजाचं, ते माझं खातं. हार्मोन्स घेतल्याने तुझा आवाज बारीक होणार नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं असेलच. म्हणून यूट्यूबवर बघून गळा आवळून बोलू नकोस, महिन्याभरात आवाज बसेल. पट्टी थोडीच वर न्यायची असते. खरा फरक आवाज छातीत घुमतो की तोंडात पुढे, यात आहे. त्यातून वाक्याचा शेवट तू अजून दिरासारखाच आपटतेस.

येत्या रविवारी शूटिंग नसेल तर सकाळी आठला ये. पेटी काढून ठेवते, काळी दोनपासून हळूहळू वर जाऊ. उपाशीपोटी येऊ नकोस. दारात आलीस की पहिला प्रश्न मी तोच विचारणार आहे, आणि त्याचं उत्तर ‘जेवण झालं’ असं चालणार नाही.

तुझी
बाई