चैत्रातील कवडसे

वडिलांच्या जमाखर्चाच्या वह्या अलीकडे मी स्वस्थपणे चाळल्या, तेव्हा त्यांत दरवर्षी होळी आणि अक्षय्यतृतीया यांच्या दरम्यान 'शाकारणी' ही एक नोंद न चुकता आढळली, आणि तिच्यापुढे गड्यांची मजुरी, बदललेल्या कौलांची संख्या व डांबराचा खर्च असा तपशील त्यांच्या बारीक मोडी वळणाच्या अक्षरांत लिहिलेला दिसला. रत्नागिरी जिल्ह्यातील आमचे हे जांभ्या दगडाचे आणि मंगलोरी कौलांचे घर त्यांनी हयातभर या एका शिरस्त्यावर सांभाळले. ते निवर्तल्यानंतरच्या तिसऱ्या वर्षी ही नोंद वहीत प्रथमच आली नाही, आणि तिचा दोष सर्वस्वी माझा आहे. त्या एका वर्षाच्या हयगयीची कैफियत येथे मांडतो, ती इतरांवर तसा प्रसंग येऊ नये म्हणून.

त्या वर्षी मी होळीस मुंबईहून गावी गेलो होतो. माजघरातील कपाटामागे जोत्यापासून वर तुळईपर्यंत गेलेली बोटभर रुंदीची मातीची रेघ आईने मला दाखविली. मी केरसुणीने ती झाडून काढली आणि भिंत स्वच्छ झाल्याचे समाधान मानले. आई म्हणाली, "अरे, गड्यांना बोलावून एकदा वर बघून घे, तुझे वडील हे काम कधी पुढच्या वर्षावर टाकत नसत." पण रजेची मुदत संपत आली होती, मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांत मन गुंतले होते आणि कौले तर खालून जशीच्या तशी दिसत होती, म्हणून "यंदा राहू दे, पुढल्या चैत्रात सगळे एकदम करू," असे सांगून मी परतलो.

आषाढातील एका रात्री त्या तुळईचे भिंतीतील टोक निसटले आणि तिच्यासह तीन वासे, त्यांवरील रिपा आणि कौलांचा ढीग माजघरात कोसळला. आई नित्य तेथेच निजत असे. सायंकाळपासून अंथरुणावर थेंब पडू लागल्यामुळे तिने त्या रात्री आपले अंथरूण देवघराच्या दाराशी ओढले होते, एवढ्यानेच ती वाचली. दोन दिवसांनी मी पोहोचलो, तेव्हा बाहेरून अखंड दिसणारी ती तुळई मोडल्या जागी कागदाच्या चळतीसारखी पातळ पापुद्र्यांची झालेली दिसली. भिंतीशी टेकून ठेवलेल्या लाकडी पेटीतील दप्तराची गत त्याहून वाईट होती. घराचे खरेदीखत, वाटणीपत्र आणि जुन्या पावत्या यांच्या फक्त कडा शिल्लक होत्या. दस्तऐवजांच्या नकला अर्ज-विनंत्या करून काही महिन्यांनी कचेरीतून मिळाल्या. आजोबांनी आजीला लिहिलेल्या पत्रांची नक्कल मात्र कोणत्याही कचेरीत नव्हती.

दुरुस्तीस आलेल्या वृद्ध सुताराने या अनर्थाची परंपरा मला उलगडून दाखविली. मंगलोरास बासेल मिशनने १८६५ साली ज्या कौलांचा कारखाना काढला, त्याच घडणीची, एकाच्या खाचेत दुसरे अडकेल अशी आमची कौले आहेत. त्यांतील एक वानरांच्या उड्यांनी किंवा वाऱ्याने सरकले की शेजारच्याची खाचही उघडी पडते. आमच्याकडे असे एक कौल आदल्या पावसाळ्यातच सरकले असावे. त्यातून झिरपलेल्या पाण्याने भिंतीचा माथा आणि तुळईचे टोक ओले राहिले, आणि ओलाव्यावाचून जिला जगता येत नाही त्या वाळवीला तेथे आश्रय मिळाला. वाळवीचे वसतिस्थान जमिनीत असते. उजेड आणि कोरडी हवा तिला सोसत नाही, म्हणून मातीचा आच्छादित मार्ग बांधीत ती लाकडापर्यंत येते. मी झाडून टाकला तो केवळ तिचा मार्ग. वारूळ जोत्याखाली सुखरूप होते आणि तिने दुसरीकडून नवा मार्ग बांधला. आमचे खांब सागवानाच्या गाभ्याचे असल्यामुळे तगले. ही तुळई मात्र आंब्याची होती.

या सर्व प्रकारातून मी जे शिकलो त्यात पहिली गोष्ट कवडशांची. चैत्रात ऊन कडक असताना, भर दुपारी दारे-खिडक्या बंद करून प्रत्येक खोलीत काही वेळ उभे राहावे आणि वर पाहावे. जेथून कवडसा आत येतो तेथूनच आषाढात पाणी आत येणार, हे निश्चित समजावे व त्या जागेखालच्या जमिनीवर खडूने खूण करून ठेवावी. कोकणात चार महिन्यांत शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो; इतक्या पावसाला सुईएवढे छिद्रही पुरते. शाकारणी करताना फुटकी कौले बदलावीत, सरकलेली बसवावीत, पाला आणि शेवाळ काढावे, आणि पुढील वर्षासाठी त्याच घडणीची काही कौले पडवीत राखून ठेवावीत. वर चढणाऱ्याने पाऊल रिपांच्या आधारावरच ठेवावे. आणि कौल उचलताना विंचवाची खबरदारी घ्यावी.

दुसरी गोष्ट लाकडाची. तुळया, वासे आणि चौकटी यांवर हातोडीने हलकेच ठोके द्यावेत. घट्ट लाकूड खणखणीत बोलते, पोखरलेले लाकूड पोकळ बोलते, आणि शंका आल्यास सुरीचे टोक रुतवून पाहावे. भिंतीत जाणाऱ्या टोकांना डांबर लावावे. मातीची रेघ दिसल्यास ती झाडून स्वस्थ बसू नये. ती कोठून उगम पावते आणि तिला ओल कोठून मिळते याचा शोध घ्यावा, ती ओल प्रथम बंद करावी, व जमिनीत औषध घालावयाचे असल्यास ते जाणत्या माणसाकडून, विहिरीपासून दूर राहील अशा बेताने घालून घ्यावे. सरपणाचा लाकूडफाटा आणि पाल्याचे ढीग जोत्याला लागून रचू नयेत. कपाटे आणि पेट्या भिंतीपासून वीतभर दूर व जमिनीपासून उंच ठेवाव्यात.

तिसरी गोष्ट पाण्याच्या वाटेची. दोन पाखी जेथे मिळतात तेथील पत्र्याच्या पन्हळीत फणसाचा आणि आंब्याचा पाला साचतो, आणि तुंबलेले पाणी मागे चढून कौलांखाली शिरते. ती पन्हळ वैशाखापूर्वी रिकामी करावी. पागोळ्यांचे पाणी जोत्याशी न साचता गटारात जाईल असा उतार करून घ्यावा. छपरावर आलेल्या फांद्या आणि वाळक्या झावळ्या उतरवाव्यात. जांभ्याच्या भिंतीला भेग पडली असता ती चुन्यानेच भरावी. सच्छिद्र जांभा ओल घेतो आणि उन्हात सोडतो, वरून सिमेंटचा जाड थर दिला तर ती ओल आतच कोंडली जाते. ज्यांची घरे गच्चीची आहेत त्यांनीही या दिवसांत गच्चीवरच्या भेगा बुजवून पावसाच्या नळांची तोंडे मोकळी करावीत.

दप्तराविषयी एकच सांगतो. वैशाखाच्या उन्हात पेटी उघडून प्रत्येक कागद हाताळावा, त्याची एक नक्कल दुसऱ्या घरी ठेवावी, आणि मूळ कागद पत्र्याच्या ट्रंकेत ठेवावेत. ज्या कागदाची दुसरी प्रत जगात नाही, त्याची तजवीज सर्वांआधी करावी.

ही सर्व कामे तीन-चार गड्यांच्या आठवडाभराच्या मेहनतीत उरकतात. ती टाळल्याने मला तुळई, वासे आणि भिंतीचा माथा नव्याने करावा लागला, आणि त्या एका दुरुस्तीस जो खर्च आला त्यात वडिलांच्या वहीतील कित्येक वर्षांच्या शाकारण्या झाल्या असत्या. पोटासाठी शहरात राहून गावचे घर म्हाताऱ्या आईवडिलांच्या हवाली केलेल्या माझ्यासारख्या सर्वांना माझी कळकळीची विनंती आहे : मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागते, त्यापूर्वी चैत्रात एक दुपार घरात घालवा, दारे लावून वर पाहा, आणि कवडसा दिसला तर परतीचा प्रवास चार दिवस लांबवा.