ठासणीच्या बंदुकीचं माप

भाताच्या लोंब्या भरायला लागल्या की कासू गावाच्या डोंगराकडच्या शेतांत रानडुकरं उतरतात. भात निघालं की मागून वाल. एका रात्रीत खाचराचा चिखल होतो. म्हणून आमच्या घरी ठासणीची एकनळी होती, पीक संरक्षणाच्या परवान्यावरची. शस्त्र अधिनियम 1959 मध्ये शेतकऱ्याच्या अशा बंदुकीचा वेगळा उल्लेखच आहे.

ठासणीत काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी ठासायची, मग छर्रे, पुन्हा चिंधी, शेवटी मागच्या निपलवर ठिणगी पाडणारी केप. बार कसा भरायचा हे सगळं भरणाऱ्याच्या हातात, आणि घात होतो तो तिथेच.

आमच्या चुलत्यांना मापापेक्षा चढता बार भरायची सवय. “पार पलीकडच्या बांधापर्यंत गेला पाहिजे,” म्हणायचे. एका रात्री लागोपाठ बार काढताना नळी पुसायची राहिली. आतल्या काजळीत चिंधी मध्येच अडकली, दारू आणि छर्‍यांमध्ये पोकळी राहिली आणि बार उडाल्यावर नळी तिथेच फुगली. सकाळी नळीवरून बोट फिरवलं तर अंगठीएवढा उंचवटा हाताला लागला. तोंडातून बॅटरी मारली तर आत त्याच जागी काळं कडं. नळी फाटली असती तर चुलत्यांचा डावा हात गेला असता.

जास्त दारूने वेग त्या मानाने वाढत नाही. नळीची लांबी ठरलेली असते. तेवढ्यात जळेल ती दारू कामाची, उरलेली तोंडाबाहेर भडका होऊन जाते. गोल छर्रा हवेत वेग झपाट्याने गमावतो, त्यामुळे कमावलेला थोडा वेगही बांधापर्यंत टिकत नाही. दाब, धक्का आणि उष्णता मात्र नळीला पुरेपूर सोसावी लागते. आधुनिक रायफलींचंही हेच आहे. अमेरिकेत विंचेस्टरने 1935 मध्ये आणलेलं .220 स्विफ्ट काडतूस सेकंदाला 1200 मीटरच्या आसपास वेग देई, आणि नळ्या लवकर खातं म्हणून बदनामही झालं. तिथले हाताने काडतुसं भरणारे जाणते लोक शेवटचा थोडा वेग सोडून देतात आणि नळी वाचवतात.

तेव्हा माप एकच ठेवा, बंदुकीसोबत ठरवून दिलेलं. रिकाम्या नळीत ठासायचा गज घालून तोंडाशी गजावर खूण करा, नेहमीचा बार भरल्यावर दुसरी. ठासल्यावर दुसरी खूण नळीच्या तोंडाच्या वर राहिली, तर बार दुहेरी पडलाय किंवा चिंधी अडकलीय. अशा वेळी केप लावायचीच नाही. काडतुसातली बिनधुराची दारू ठासणीत चुकूनही घालू नका, नळी फुटते.

काळी दारू जळली की निम्म्याहून जास्त भागाची राख होते. तिच्यातली काही धुरातून बाहेर जाते, बाकीची नळीत बसते आणि हवेतला ओलावा ओढते. आपल्याकडच्या पावसाळी हवेत रात्रीत गंज धरतो. नुसत्या रॉकेलने राखेतले क्षार विरघळत नाहीत. कढत पाणी आणि साबण घ्या, चिंधी पांढरी निघेपर्यंत घासा, नळी पूर्ण वाळवा, मग तेल. निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा करायला सांगितली, तर तेव्हाही अशीच साफ करून, तेल लावून द्या. तिथे ती किती आठवडे पडून राहील, सांगता येत नाही.

आणि मुळात वेग हवा कशाला? वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 प्रमाणे रानडुकराला परवानगीशिवाय मारता येत नाही. हाकलायला आवाज पुरतो, त्याला छर्रे लागत नाहीत. नळीचं तोंड मात्र तेव्हाही माणसांकडे नको, जवळून चिंधीसुद्धा जखम करते.

नळी फुगली असेल तर गावच्या लोहाराकडे नेऊ नका. परवान्याशिवाय बंदूक दुरुस्त करणं कायद्याने गुन्हा आहे. परवानाधारक कारागिराला दाखवा. आमची नळी त्याने पाहताक्षणी बाद ठरवली, आणि आम्ही ती पुन्हा भरली नाही.